पाठीला टेकू, पण कोठे?

मोटारसायकलवर मागे बसलेले असताना चालकाने एकदम वेग वाढवला की काय होते, हे तुम्हांला ठाऊक असेलच. सीट आपल्याला कमरेपाशी पुढे नेते. धड मात्र जडत्वामुळे होते तेथेच राहू पाहते. आपण मागे कलंडतो आणि हात चटकन पुढच्याच्या खांद्याकडे जातात.

अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात हौशी मंडळींनी गाड्या कापून-जोडून ‘चॉपर’ बनवल्या, तेव्हा मागे नळीची उंच कमान लावण्याची टूम निघाली. १९६९ सालच्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटातल्या चॉपरला अशी कमान आहे. आपल्याकडेही बुलेटला हौसेने पाठटेकू बसवून घेणारे आहेत. तुमच्या घरी असा बेत चालला असेल, तर गाडी मिस्त्रीच्या हवाली करण्यापूर्वी थोडे गणित करू या.

समजा, मागे बसणाऱ्याचे वस्तुमान ६० किलोग्रॅम आहे. पैकी कमरेवरचा भाग सुमारे ४० किलोग्रॅम. गाडीने ५ सेकंदांत ताशी ५४ किलोमीटर वेग घेतला, तर त्वरण होते सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद. म्हणजे धडाला पुढे न्यायला ४० × ३ = १२० न्यूटन बल हवे. धडाचा गुरुत्वमध्य सीटपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंच धरू. कंबर ही बिजागरी मानली, तर तिच्याभोवती मागे पाडणारे परिबल झाले १२० × ०·३ = ३६ न्यूटन-मीटर.

आता घरातले दार बिजागरीजवळ बोट लावून ढकलून पाहा, मग कडीजवळ. फरक लगेच कळेल. पाठीचेही तसेच. गादी ३० सेंटिमीटर उंचीवर टेकली तर पाठीवर १२० न्यूटन येतात. १५ सेंटिमीटरवर टेकली तर २४०! दिसायला सुबक, बुटका टेकू लांबच्या प्रवासात कंबर का दुखवतो, ते यावरून समजेल. मग ४५ सेंटिमीटरवर का नको? तेथे ८० न्यूटनच पुरतील, हे खरे. पण गादी खांद्याच्या पात्यांपाशी जाते आणि कमरेला आधार उरत नाही.

यात एक गंमत आहे. उंची कोणतीही घ्या, बल आणि उंची यांचा गुणाकार ३६ च येतो! पाठीचा त्रास उंचीप्रमाणे बदलतो, पण सीटच्या पातळीवर नळी जेथे जखडली आहे, तेथले परिबल बदलत नाही. तेथे एकाखाली एक असे दोन बोल्ट ९ सेंटिमीटर अंतरावर असतील, तर ढोबळमानाने प्रत्येकावर ३६ ÷ ०·०९ = ४०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ४० किलोंचा भार येतो. अंतर दुप्पट केले तर भार निम्मा. खड्ड्यातले हादरे यात धरलेलेच नाहीत. म्हणून नळी मडगार्डच्या पातळ पत्र्याला कधीही जोडू नये. ती गाडीच्या सांगाड्यालाच हवी. मिस्त्री ‘चालतंय की’ म्हणाला, तरी.

गादीचे काम बल कमी करणे नव्हे, ते पसरवणे. नुसत्या नळीचा पाठीला स्पर्श होतो ६० चौरस सेंटिमीटरभर. ३० बाय २० सेंटिमीटरची गादी ६०० चौरस सेंटिमीटर देते. दाब दहावा हिस्सा! मात्र फोम फार मऊ नको. तो पार दबला की पाठ पुन्हा मागच्या पट्टीवर.

टेकू फार मागेही झुकवू नये. मागच्या चाकाचा आस हा जणू सी-सॉचा टेकू. बसणाऱ्याचा भार त्याच्या मागे गेला की पुढचे चाक हलके होते आणि हँडलचा ताबा ढिला पडतो.

आणि ब्रेक लागला की? तेव्हा धड पुढे जाते आणि पाठटेकूचा काडीचाही उपयोग नसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत मागे बसणाऱ्यासाठी कायमची हातपकड सांगितली आहे, ती यासाठीही उपयोगी. टेकूला जागा करायची म्हणून ती काढू देऊ नका.

जाता जाता एक उदाहरण: बसणारा ७५ किलोग्रॅमचा, त्वरण तेवढेच, गादी २५ सेंटिमीटरवर. पाठीवर किती न्यूटन येतील? धडाचा वाटा वरच्याच प्रमाणात घ्या.