लाकडात बांधलेला तोल

मानवरहित विमानांसंबंधीच्या नव्या कायद्याचा मसुदा 2025च्या सप्टेंबरमध्ये हरकतींसाठी खुला झाल्यापासून नोंदणी, दंड आणि शिक्षा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु या चर्चेत चार पंख्यांचा ड्रोन आणि घरच्या टेबलावर बाल्सा लाकडातून जोडलेले, रेडिओने चालणारे विमान यांची एकाच शब्दात मोट बांधली जाते, हे खटकण्यासारखे आहे. 2021च्या ड्रोन नियमांनी निदान विमान, रोटरक्राफ्ट आणि संकरित यंत्र असे वर्ग पाडले होते. खरा भेद मात्र नियमांच्याही आधीचा आहे. चार पंख्यांचा ड्रोन स्वभावतः अस्थिर असतो. त्यातील संगणक दर सेकंदाला शेकडो वेळा पंख्यांची गती बदलतो, म्हणून तो हवेत टिकतो. बाल्साच्या शिकाऊ विमानाला असा सांभाळणारा लागत नाही, कारण त्याचा तोल बांधतानाच त्याच्या आकारात घातलेला असतो.

या विद्येचे श्रेय राइट बंधूंच्या नावावर सहज जमा होते. ते आधी ज्याला मिळायला हवे तो आल्फोन्स पेनो हा फ्रेंच तरुण. 18 ऑगस्ट 1871 रोजी पॅरिसच्या त्विलेरी बागेत त्याने पिळलेल्या रबराच्या जोरावर एक छोटे विमान 11 सेकंद उडवून दाखवले. त्याच्या पंखांची टोके वर वळलेली होती आणि शेपटीचा आडवा पंख मुख्य पंखापेक्षा किंचित खालच्या कोनात बसवलेला होता. विमान एका अंगाला कलून त्या बाजूला घसरू लागले की वर उचललेल्या पंखांमुळे खाली गेलेल्या पंखाला अधिक उचल मिळते आणि ते सरळ होते. या रचनेला डायहेड्रल म्हणतात. नाक खाली गेले की वेग वाढतो, शेपटीवरचा खाली दाबणारा जोर वाढतो आणि नाक पुन्हा वर येते. पेनो 1880मध्ये, वयाच्या 30व्या वर्षी गेला. राइट बंधूंना बालपणी वडिलांनी आणून दिलेले उडते खेळणेही त्याच्याच रचनेवरचे होते. आजच्या शिकाऊ विमानात यापेक्षा मूलभूत असे फारसे काही नाही.

बाल्सा हे मुख्यतः इक्वेडोरमधून येणारे लाकूड असून वनस्पतिशास्त्रानुसार ते झाड आपल्या सावरीच्याच कुळातले आहे, आणि त्याच्या फळातही सावरीसारखाच कापूस असतो. ते सहा ते दहा वर्षांत तोडीला येते. पेशींच्या भिंती पातळ आणि आत पाणी भरपूर, त्यामुळे भट्टीत वाळवल्यावर उरते ते बहुतांशी हवेचे लाकूड. पवनचक्क्यांच्या पात्यांतही ते भरले जात असल्याने 2020च्या सुमारास त्याचे भाव भडकले आणि छंदिष्टांना त्याची झळ बसली. सव्वानऊशे मिलिमीटर लांब, पाऊणशे मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटरहून थोडी जाड अशी पट्टी हलक्या लाकडाची असेल तर सुमारे 11 ग्रॅम भरते; तीच जड लाकडाची असेल तर दुप्पट. दोन्ही दिसायला सारख्याच. म्हणून या कामात करवतीच्या आधी तराजू लागतो: जड पट्ट्या पंखाच्या मुख्य आडव्या दांड्याला, म्हणजे स्पारला, हलक्या शेपटीला, आणि दोन्ही पंखांत वजन सारखे.

आराखड्यावर पारदर्शक प्लास्टिक पसरून, टाचण्यांनी स्पार रोवून त्यावर पंखाच्या फासळ्या चिकटवायच्या, एवढीच बांधणीची रीत. परंतु टेबल सपाट नसेल तर पंखाला पीळ पडतो आणि तो पीळ विमान आयुष्यभर विसरत नाही. वरचे प्लास्टिकचे आवरण इस्त्रीने ताणून बसवताना हा पीळ थोडाफार काढता येतो. डिंक सढळ हाताने वापरणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. शेपटी गुरुत्वमध्यापासून नाकाच्या दुप्पट अंतरावर असेल तर तिथल्या एका जादा ग्रॅमसाठी नाकात दोन ग्रॅम शिसे घालावे लागते. गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढच्या पाव ते एकतृतीयांश भागात असावा लागतो, म्हणजे 20 सेंटिमीटर रुंद पंखात पुढच्या कडेपासून पाच ते साडेसहा सेंटिमीटरवर. तो मागे सरकला तर पेनोची सारी युक्ती व्यर्थ जाते.

पहिल्या विमानाला मोटरचा वेग, उभी शेपटी आणि आडवी शेपटी यांवर ताबा ठेवणाऱ्या रेडिओच्या तीन वाहिन्या पुरतात; पंख धडाच्या वर असावा, आणि पंख्याच्या उलट्या झटक्याने विमान डावीकडे ओढले जाते म्हणून मोटर किंचित उजवीकडे वळवलेली असावी. उड्डाणासाठी वारा पडलेला असताना, पहाटेनंतरचा तासभर उत्तम. खरी परीक्षा विमान चालकाकडे वळते तेव्हा होते, कारण डावे-उजवे उलटे होते आणि घाबरलेला हात रिमोटची काडी नेमकी चुकीच्या दिशेला ढकलतो. अनुभवी मंडळी यावर एक तोडगा सांगतात: जो पंख खाली झुकलेला दिसेल त्याच बाजूला काडी न्यावी, जणू त्याला खालून टेकू द्यावा.

फोमची तयार विमाने आदळली तरी उसळतात आणि काहींत तोल सावरणारे संगणकही बसवलेले असतात. ती स्वस्त आहेत, पण त्यांच्यामुळे हात शिकतो आणि डोके तसेच राहते. बाल्सा मात्र बहुधा तंतूंच्या दिशेने फाटते, त्यामुळे तुकडे पुन्हा बरोबर जुळतात, आणि मूळ आराखडा जपून ठेवला असेल तर नवी फासळी तासाभरात कापून होते. जोड शेपटीकडे आला असेल तर गुरुत्वमध्य पुन्हा बोटांच्या टोकांवर तोलून पाहावा लागतो.