माळ्यावरचं दप्तर
खानदेशातलं जुनं घर : भाग सातवा

गेल्या आठवड्यात आपण माजघरापर्यंत आलो होतो. आता वर चढू.

बोदवडच्या जुन्या वस्तीत जी धाब्याची घरं अजून तग धरून आहेत, त्यांतल्या एका घरात मालकांनी मला वर जाऊ दिलं. घर पाडायचं ठरलेलं, स्लॅबचा नकाशा तयार. माजघराच्या कोपऱ्यात अरुंद लाकडी दादर, त्याच्या टोकाला तक्तपोशीत बसवलेलं चौकोनी झाकण. झाकण उचललं की आधी अंगावर माती येते, मग धुराचा जुना, तेलकट वास. उभं राहता येत नाही. साण्यातून येणारा उजेडाचा पट्टा सोडला तर सगळा अंधार. बॅटरी लावली की तुळया काळ्याकुळकुळीत चमकतात. कित्येक पिढ्यांच्या चुलीची ती काजळी.

लहान मुलांना इथे येऊ देत नसत. वर नाग आहे, तो घरातलं धन राखतो, असं सांगितलं जाई. खरा धोका फळ्यांचा. वाळवीनं आतून खाल्लेली फळी वरून धड दिसते आणि पाय पडला की माजघरात उतरवते. विंचवांचं भयही खोटं नव्हे. या धाकानं मुलं वाचली आणि वरचं सामानही वाचलं. त्या धनाची आस मात्र मोठेपणीही सुटत नाही. जुनं घर पाडायला काढलं की गल्लीत पहिला प्रश्न येतो, ‘काही निघालं का?’ निघतं ते बहुतेक वेळा कागद, मापं आणि भांडी. त्यातली भांडी मोडीत जातात, कागद रद्दीत.

हा कागद वाचला कसा, हे आधी समजून घेऊ. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या-पऱ्हाट्यांचा थर, त्यावर जाड माती आणि सगळ्यात वर खारी माती. दरवर्षी मृगाआधी धाब्यावर खारी टाकायची, गळकी जागा चोपायची. उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीस अंशांची काहिली असते, तेव्हा एवढी जाड माती उष्णता थोपवते. पावसाळा इथे कोकणासारखा चार महिने मुक्कामाला नसतो, त्यामुळे कागदाला बुरशी कमी. चुलीच्या धुराने किडा-भुंगा दूर राहतो. पेरणीचं बी म्हणूनच धुराच्या जागी टांगत. बियाण्याला जे मानवलं तेच दप्तराला मानवलं. जिथे चूल जाऊन गॅस आला आणि धाब्यावर खारी पडायची थांबली, तिथे अवघ्या काही पावसाळ्यांत वाळवीनं गठ्ठेच्या गठ्ठे संपवले.

पण टिकण्यासाठी आधी वर जावं लागतं. ते का गेलं, याचं उत्तर त्या माळ्यावरच्या पहिल्याच चोपडीत होतं. लांबट आकार, लाल कापडाची बांधणी, पाठीवर दोऱ्याची शिवण. पान बाजूला नव्हे, वरच्या दिशेनं उलटायचं. पहिल्या पानावर शेंड्याला ‘श्री’, खाली स्वस्तिक, आणि हळदकुंकवाची बोटं अजून पिवळी-तांबूस. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडून पूजलेली ही वही. वर्ष सरलं, हिशोब नव्या चोपडीत गेला, तरी हिला टाकायची कशी? जिच्यावर श्री आहे तिला पाय लागता कामा नये, चुलीत घालता कामा नये. मग ती माळ्यावर जाते.

हीच भावना दूर देशातही दिसते. कैरोच्या जुन्या भागात, फुस्तातमध्ये, बेन एझ्रा नावाचं ज्यू प्रार्थनामंदिर आहे. तिथे देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही म्हणून शतकानुशतकं एका वरच्या खोलीत टाकत राहिले. शिडी लावून भिंतीतल्या भोकातून त्या खोलीत शिरावं लागे. 1896-97 साली अभ्यासक सॉलोमन शेख्टर यांनी तिथले बहुतेक कागद केंब्रिजला नेले. ते पावणेदोन लाखांहून अधिक तुकडे निघाले. त्यात धर्मग्रंथांबरोबर व्यापाऱ्यांची पत्रंही होती. बाराव्या शतकात मंगळूरला राहून पितळी भांड्यांचा कारखाना चालवणाऱ्या अब्राहम बेन यिजूचा पत्रव्यवहार आज आपल्याला ठाऊक आहे तो त्या खोलीमुळे. श्रद्धेपोटी न फेकलेल्या कागदातून हिंदी महासागराचा व्यापार उलगडला. बोदवडच्या माळ्यावर तेवढं जुनं काही नसेल. पण कागद वर जाण्याचं कारण तेच आहे, आणि म्हणून त्याला अडगळ म्हणायला माझा विरोध आहे.

कागद किती जुना हे कसं ओळखायचं? घरचे लोक सरसकट दोन-तीनशे वर्षं सांगतात. कागदाला विचारलं की नेमकं उत्तर मिळतं. स्टँपपेपर असेल तर मुद्रेवरचा चेहरा पाहा. राणी व्हिक्टोरिया असेल तर तो 1901 पूर्वीचा, सातवा एडवर्ड असेल तर 1901 ते 1910, पंचम जॉर्ज असेल तर 1910 ते 1936 या काळातला धरायचा; शिल्लक साठा पुढे थोडा वापरला गेला असेल एवढी सूट ठेवायची. ‘पूर्व खानदेश’ असा जिल्हा लिहिला असेल, तर कागद 1906 नंतरचा, कारण त्या वर्षी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्यातल्या पूर्व भागाला जळगाव जिल्हा हे नाव मिळालं ते महाराष्ट्र राज्य आल्यावर. बोदवडचा जुना कागद तालुका भुसावळ असाच दाखवणार. हिशोबात आणे-पै असतील तर तो साधारण 1957 पूर्वीचा. त्या वर्षी 1 एप्रिलला दशमान नाणी आली. नंतर काही वर्षं लोक जुन्याच सवयीनं आणे मोजत होते, हे मात्र ध्यानात ठेवायचं. शेर, पायली, मण ही मापं 1960 च्या सुमाराला किलो-लिटरला जागा देऊन बाजूला झाली. माळ्यावरची पितळी मापं एकाच कोपऱ्यात एकत्र सापडतात, ती बहुधा त्याच वेळी वर गेली म्हणून.

सालाचा घोळ सर्वांत जास्त फसवतो. शेतकऱ्याच्या घरी शके लिहितात, त्यात 78 मिळवायचे आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची तारीख असेल तर 79. मारवाडी-गुजराती पेढीवर संवत असतो आणि त्याचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतं. दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यातून 57 वजा, पुढे 56. संवत 1956 ची चोपडी हाती आली तर तिच्यापाशी थांबा. 1899-1900 चा तो दुष्काळ व्यापाऱ्यांच्या घरात ‘छप्पन’ या आकड्यानंच आठवला जाई. त्या वर्षाच्या उधारीच्या पानांवर धान्य किती गेलं, कोणत्या गावाला गेलं आणि परत काय आलं, हे सरकारी अहवालात नसेल इतक्या बारकाईनं लिहिलेलं असतं. कापसाचंही तसंच. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबईचा लोहमार्ग भुसावळला पोचला, 1867 साली नागपूरपर्यंत गेला आणि बोदवड त्या मार्गावर आलं. घराच्या कोरीव खांबांचा, वरच्या माडीचा पैसा कुठून आला हे शोधायचं तर त्या काळातल्या कापसाच्या खंडीच्या नोंदींकडे जावं लागेल.

एका आकड्यापासून सावध राहा. कौलावर 1865 दिसलं की घर 1865 चं, असं सर्रास मानलं जातं. मंगळूरच्या बासेल मिशनच्या कौलांवर तो आकडा असतो, पण ते कारखान्याच्या स्थापनेचं साल आहे. कौल त्यानंतर कित्येक दशकांनी भाजलेलं असू शकतं.

आता मुख्य अडचण. यातलं बरंच मोडी लिपीत आहे. शाळांतून मोडी गेली ती गेल्या शतकाच्या मध्यानंतर. म्हणजे आज घराचा मालक आपल्या पणजोबांचं अक्षर वाचू शकत नाही. न वाचता येणारा कागद कुचकामी वाटतो आणि रद्दीच्या भावात जातो. याच ठिकाणी खानदेशाला आपल्या मोठ्या वारशाची आठवण द्यावीशी वाटते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायी हिंडले, लोकांच्या माळ्यांवरचे, तळघरांतले कागदांचे रुमाल सोडून वाचले आणि 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड काढले. ते बावीस झाले. पहिल्याच खंडात पानिपताच्या काळातली पत्रं आहेत. दफ्तरखान्यात न मिळालेला इतिहास त्यांनी घराघरांतून वेचला. पुण्यात 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ त्यांनी उभं केलं आणि 31 डिसेंबर 1926 रोजी त्यांचं निधन झालं ते आपल्या धुळ्यात. त्यांच्या दप्तरासाठी तिथेच राजवाडे संशोधन मंडळ निघालं. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांतली हस्तलिखितं जमवली. समर्थ वाग्देवता मंदिरात ती आजही आहेत. बोदवडहून धुळं काही परमुलूख नाही. ज्या प्रांतात कागद जपण्याचं एवढं काम झालं, त्याच प्रांतात चोपड्या भेळेच्या पुड्यांसाठी जाव्यात, याचं मला मनापासून दुःख होतं.

कवयित्री बहिणाबाई चौधरींचं उदाहरण तर घरातलंच. त्या निरक्षर होत्या. शेतात, जात्यावर त्यांच्या तोंडून येणारी गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एका तरुणानं टिपून घेतली म्हणून उरली. 1951 साली त्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. ती टिपणं कुणी जुनी म्हणून टाकली असती तर?

तेव्हा घर पाडायला काढण्याआधी थोडं करा. सफाई नको, आधी मोबाइलवर फोटो. कुठला गठ्ठा कशाच्या खाली, कोणत्या पेटीत, कोणत्या कोपऱ्यात, हे दिसलं पाहिजे, कारण एकत्र ठेवलेले कागद एकमेकांचा अर्थ सांगतात. वेगवेगळे करून ‘नीट लावलेले’ कागद मुके होतात. दोरी कापू नका, गाठ सोडा. उन्हात घालू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर मुळीच लावू नका. स्वच्छ सुती कापडात बांधा आणि चिठ्ठीवर घराची जागा लिहा. मोडी वाचणारा माणूस धुळ्या-पुण्याच्या या संस्थांत विचारलं की मिळतो.

सोनंनाणं निघालंच तर कायदाही माहीत असू द्या. 1878 चा निखात निधीचा कायदा नुसत्या जमिनीपुरता नाही, जमिनीला जोडलेल्या बांधकामात दडवलेलं धनही त्यात येतं. दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलं की कलेक्टरला कळवणं बंधनकारक. ते शंभर वर्षांच्या आत आपल्याच पूर्वजांनी ठेवलं होतं हे सिद्ध झालं, तर घराण्याचा हक्क राहतो. आणि हे सिद्ध करायला काय लागणार? माळ्यावरच्या चोपड्याच.

फोटो झाले की घरातल्या सर्वांत वयस्क बाईला दादराशी खुर्ची टाकून बसवा. पाळणा, घंगाळ, फुटकी समई, लग्नातलं रुखवत एकेक करून खाली उतरवा आणि प्रत्येक वस्तूबद्दल त्यांना विचारा, ही कुणाची. माळ्यावर सामान चढवलं ते बहुतेक घरातल्या बायकांनी, आणि चोपडीत त्यांची नोंद नसते. त्या बोलतील ते रेकॉर्ड करून ठेवा. बोदवडच्या त्या घरातल्या आजींनी एका लाकडी चाड्याकडे बोट दाखवून सासऱ्यांची पहिली पेरणी, बैलांची नावं, त्या साली विकलेलं शेत, सगळं ओळीनं सांगितलं. शेवटच्या गोष्टीचा दस्त त्याच चोपड्यांच्या गठ्ठ्यात, पंचम जॉर्जच्या शिक्क्याखाली निघाला.

पुढच्या भागात आपण जमिनीखाली उतरू: पेव आणि त्यातली ज्वारी.