उतारावरील गोळी आणि 'हरवलेली' ऊर्जा

स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत होणारे रूपांतर मोजण्यासाठी वर्गात एक उतार, पोलादी गोळी आणि मोजपट्टी पुरते. ५० ग्रॅमची भरीव गोळी टेबलापासून २० सेंटीमीटर उंचीवर धरल्यास तिच्यात ०.०९८ ज्यूल स्थितिज ऊर्जा असते. खाली आडव्या होत जाणाऱ्या उतारावरून ती टेबलाच्या कडेशी येऊन सुटते. टेबल ८० सेंटीमीटर उंच असेल, तर जमीन गाठण्यास तिला सुमारे ०.४ सेकंद लागतात. कडेपासून कार्बन कागदावरील खुणेपर्यंतचे आडवे अंतर या वेळेने भागले की वेग मिळतो.

सर्व ऊर्जा पुढे जाण्याच्या वेगात उतरली, तर खूण ८० सेंटीमीटरवर उमटायला हवी. प्रत्यक्षात ती ६७ च्या आसपास पडते आणि वहीत सर्रास 'घर्षणामुळे घट' असे लिहिले जाते. हे कारण बहुतांशी चुकीचे आहे. उतार फार तीव्र नसल्यास गोळी घसरत नाही, गडगडते. त्यामुळे ऊर्जेचा दोन सप्तमांश भाग, म्हणजे येथे ०.०२८ ज्यूल, तिच्या स्वतःभोवती फिरण्यात असतो. तीही गतिज ऊर्जाच. गंमत अशी की, गोळीला फिरवते ते घर्षणच. पण न घसरता गडगडताना ते ऊर्जा जवळजवळ खात नाही. दुप्पट वस्तुमानाची भरीव गोळी घेतली तरी खूण हलत नाही. पोकळ गोळी मात्र आणखी अलीकडे पडते.