पाच ग्रॅमची रेघ

सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलंय. पुतण्याला गर्दच्या, म्हणजे हेरॉईनच्या, पुड्यांसह पकडलं. वकील म्हणतात, 'गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा.' करावं का?

काका, घाई करू नका. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ खाली गर्दच्या सेवनाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडावर सुटका होईलही, पण दोषी ठरल्याची नोंद राहते आणि व्यसन जिथल्या तिथे. दंडाची पावती खिशात घालून पोरगं थेट पुडीवाल्याकडे गेलेलं मी नको तितक्या वेळा पाहिलंय.

याच कायद्यात कलम ६४-अ आहे. व्यसनी माणसाने स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेतले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या आरोपावरून त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्ध्यावर सोडले, तर हे संरक्षण काढून घेता येतं. अभिनेता फरदीन खानला कोकेनच्या प्रकरणात अटक झाली २००१ साली. मुंबईच्या न्यायालयाने हे संरक्षण दिलं २०१२ मध्ये. प्रकरण जुनं झालं म्हणून ही वाट बुजत नाही. आणि पुतण्या दोषी ठरलाच, तरी कलम ३९ उरतं: त्याची संमती असेल, तर न्यायालय लगेच शिक्षा न सुनावता बंधपत्रावर त्याला उपचारांना पाठवू शकतं.

आता माझं जुनं दुखणं. या दोन्ही वाटा सेवनापुरत्या आणि अल्प प्रमाणापुरत्याच. गांज्यासाठी ती हद्द एक किलो, चरससाठी १०० ग्रॅम, गर्दसाठी फक्त पाच. त्यात रस्त्यावरचं गर्द म्हणजे निम्मीअधिक भेसळ. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध अमली द्रव्याचंच वजन धरलं होतं. २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी भेसळीसकट वजन धरायचं ठरवलं. विक्रेत्यांना पळवाट नको, हे पटतं. पण सहा ग्रॅमच्या मालात अर्धा ग्रॅमच हेरॉईन निघालं, तरी तो माल आता 'अल्प' राहत नाही. व्यसन जितकं जुनं तितका रोजचा डोस मोठा, आणि जवळचा साठाही. उपचारांची सगळ्यांत जास्त गरज असलेला गर्दुल्लाच असा रेघेबाहेर पडतो. आजार वजनकाट्यावर मोजायची ही तऱ्हा मला कधीच पटलेली नाही.

तेव्हा काका, आधी पंचनाम्यातलं वजन बघा. पाच ग्रॅमच्या आत असेल, तर वकिलांना ६४-अ च्या अर्जाबद्दल स्पष्ट विचारा. पोराला दाखल करण्यापूर्वी केंद्राला सरकारची मान्यता आहे ना, ते कागदावर तपासा. आणि भरतीपासून डिस्चार्जपर्यंतचे सगळे कागद जपून ठेवा; न्यायालय तेच मागेल.