सलग २१ षटकं एकही रन दिला नाही, पण नाशिकच्या बापूंची ओळख तेवढीच नव्हती

दरवर्षी १२ जानेवारी आली की सोशल मीडियावर एक पोस्ट हमखास फिरते. आकडे असतात ३२-२७-५-०. म्हणजे ३२ षटकं, त्यातली २७ निर्धाव, फक्त ५ रन आणि विकेट शून्य. खाली कुणीतरी कमेंट करतं, "आयपीएलमध्ये असता तर?" दुसरा लिहितो, "बॅट्समन झोपले होते का?" आणि पोस्ट पुढे सरकते.

तो बॉलर म्हणजे बापू नाडकर्णी. पूर्ण नाव रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी. जन्म ४ एप्रिल १९३३, गाव नाशिक.

गंमत अशी की या एका आकड्याने बापूंना अमर केलं आणि त्याच आकड्याने त्यांची बाकीची कारकीर्द झाकूनही टाकली. आज क्रिकेटच्या गप्पांत मोठे बॅट्समन आणि मोठे कॅप्टन यांचीच नावं निघतात. पण त्या कॅप्टन लोकांचा खेळ ज्यांच्या जिवावर उभा राहायचा, त्यांच्यात बापू होते. कसे, तेच बघू.

आधी तो दिवस

जानेवारी १९६४. मद्रासमध्ये भारत विरुद्ध इंग्लंड, मालिकेतली पहिली टेस्ट. भारताचा कॅप्टन मन्सूर अली खान पतौडी, इंग्लंडचा माईक स्मिथ. बुधी कुंदरनने १९२ आणि विजय मांजरेकरांनी १०८ रन काढले आणि भारताने ७ बाद ४५७ वर डाव सोडला.

इकडे इंग्लंडच्या टीममध्ये पोट बिघडल्याने बरेच खेळाडू आजारी. त्यामुळे जे धडधाकट होते त्यांच्यावर एकच जबाबदारी होती, काही झालं तरी आऊट व्हायचं नाही. तिसऱ्या दिवशी क्रीझवर होते ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन. त्यातला बॅरिंग्टन म्हणजे पिचवर एकदा मुक्काम ठोकला की हलायचं नाव न घेणारा गडी.

पतौडींनी बॉल बापूंकडे दिला.

मग मेडन, परत मेडन, परत मेडन. सलग २१ षटकं निर्धाव गेली. मोजून १३१ बॉल आणि ११४ मिनिटं बापूंच्या बॉलिंगवर एकही रन निघाला नाही. त्यांच्या एका स्पेलचा हिशोब तर असा आहे की १९ षटकं, १८ निर्धाव, १ रन.

मग यात खरं कसब काय होतं?

बापू डावखुरे स्पिनर. पण बॉल हातभर वळवायचा आणि बॅट्समनला नाचवायचं, हे त्यांचं काम नव्हतं. त्यांचं काम एकच, बॉल त्याच जागी टाकायचा आणि पुन्हा पुन्हा टाकायचा. पुढे येऊन ड्राइव्ह मारावा तर बॉल तेवढा पुढे नसतो, मागे जाऊन कट मारावा तर तेवढा आखूडही नसतो. जवळ फिल्डर टपून उभे असतात. सरळ बॅटने अडवण्यापलीकडे बॅट्समनच्या हातात काही उरत नाही.

नेटमध्ये ते पिचवर नाणं ठेवून त्यावर टप्पा पाडायचा सराव करायचे, असं सांगितलं जातं.

आणि हे मद्रासला एकदाच घडलं असंही नाही. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानची टीम भारतात आली होती. तेव्हा कानपूरला बापूंचे आकडे होते ३२-२४-२३-० आणि दिल्लीत ३४-२४-२४-१. पूर्ण टेस्ट कारकिर्दीत त्यांनी दर षटकाला सरासरी १.६७ रन दिले. आज टी-ट्वेंटीत चार षटकांत तीस रन देणाऱ्या बॉलरला "चांगली टाकली" म्हणतात. बापूंना तीस रन द्यायला साधारण अठरा षटकं लागायची.

फॉरवर्ड करण्याआधी एक दुरुस्ती

पोस्टमध्ये बऱ्याचदा लिहिलेलं असतं की सलग सगळ्यात जास्त डॉट बॉल टाकायचा टेस्टमधला विक्रम बापूंचा. तसं नाहीये. दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्डने १९५६-५७ मध्ये डर्बनला इंग्लंडविरुद्ध सलग १३७ बॉल एकही रन दिला नव्हता. पण तेव्हा तिथे आठ बॉलचं षटक असायचं, त्यामुळे त्याची निर्धाव षटकं भरली १६. म्हणजे बॉल मोजले तर टेफील्ड पुढे आणि सलग निर्धाव षटकं मोजली तर बापू. बापूंचा मोठेपणा यानं कमी होत नाही. फक्त माहिती नीट जाते.

पण विकेट कुठंय?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो चुकीचा नाही. ३२ षटकं टाकून विकेट एकही नाही. ती टेस्ट ड्रॉ झाली. त्या मालिकेतल्या पाचही टेस्ट ड्रॉ झाल्या. तिकीट काढून आलेल्या माणसाला दोन तास नुसते अडवलेले बॉल बघायला लागले, तर तो वैतागणारच. असं खेळणं म्हणजे जिंकण्यापेक्षा हरायचं टाळणं, ही टीका त्या काळातल्या क्रिकेटवर होतेच आणि त्यात तथ्य आहे.

आता दुसरी बाजू. त्याच डावात समोरच्या एंडकडून पुण्याच्या चंदू बोर्डेंनी ८८ रन देऊन ५ विकेट काढल्या. बोर्डे लेगस्पिनर. लेगस्पिनरला बॉल हवेत सोडावा लागतो आणि त्यात मार खायची भीती असते. एका एंडने रन पूर्ण बंद असतील, तर कॅप्टनला दुसऱ्या एंडने हा जुगार खेळता येतो. स्कोअरकार्डमध्ये विकेट एकाच्या नावावर पडते. तिच्यात दुसऱ्याची किती षटकं मुरलेली आहेत, हे तिथे लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या डावात बापूंनी ६ षटकांत ६ रन देऊन २ विकेटही काढल्या. ते कुणी पोस्टमध्ये टाकत नाही.

बॅट्समन बापू

बापूंचा जन्म नाशिकचा असला तरी त्यांचं क्रिकेट आकाराला आलं ते पुण्यात. आधी पुणे विद्यापीठाची टीम आणि मग १९५१-५२ पासून महाराष्ट्राची रणजी टीम. पुढे ते मुंबईकडून खेळले. ही तीच मुंबई, जिने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं रणजी ट्रॉफी कुणाला दिली नाही.

टेस्टमध्ये संधी मिळाली डिसेंबर १९५५ मध्ये, दिल्लीत न्यूझीलंडविरुद्ध. विनू मांकड विश्रांती घेत होते म्हणून जागा रिकामी झाली. बापूंनी नाबाद ६८ केल्या. पण पुढच्या टेस्टला मांकड परत आले आणि बापू बाहेर बसले. डावखुरा स्पिनर आणि वर बॅटिंग, हे दोन्ही करणारा जगातला एक मोठा ऑलराउंडर आपल्याच टीममध्ये असणं, हे त्यांचं नशीब.

तरीही ते टिकले. आणि मद्रासची टेस्ट ज्या मालिकेतली, त्याच मालिकेतली शेवटची टेस्ट बघा. फेब्रुवारी १९६४, कानपूर. इंग्लंडने ८ बाद ५५९ ठोकल्या. भारत २६६ वर गारद झाला, त्यात बापू नाबाद ५२. फॉलोऑन मिळाला, पिछाडी २९३ रनांची. दुसऱ्या डावात बापूंना तिसऱ्या नंबरवर पाठवलं आणि त्यांनी नाबाद १२२ केल्या. सोबत दिलीप सरदेसाईंच्या ८७. भारत ३ बाद ३४७ आणि टेस्ट वाचली.

दोन डाव खेळून एकदाही आऊट न झालेला हा माणूस लोकांना आठवतो तो मात्र फक्त डॉट बॉलसाठी.

फर्स्ट क्लास क्रिकेटचा हिशोब आणखी भारी आहे. १९१ मॅच, ८,८८० रन, सरासरी चाळीसच्या वर, १४ शतकं, सर्वोच्च नाबाद २८३. आणि विकेट बरोब्बर ५००.

नुसतं अडवणं नव्हतं

ऑक्टोबर १९६४ मध्ये बॉब सिम्पसनची ऑस्ट्रेलिया मद्रासला आली. बापूंनी पहिल्या डावात ३१ रन देऊन ५ आणि दुसऱ्यात ९१ देऊन ६ विकेट काढल्या. एका टेस्टमध्ये ११ विकेट. भारत ती टेस्ट हरला, त्यामुळे या कामगिरीची गोष्ट झाली नाही.

१९६८ मध्ये भारताने न्यूझीलंडमध्ये ३-१ ने मालिका जिंकली. परदेशात जिंकलेली ही भारताची पहिली टेस्ट मालिका. कॅप्टन पतौडीच. वेलिंग्टनच्या टेस्टमध्ये बापूंनी दुसऱ्या डावात ४३ रन देऊन ६ विकेट काढल्या, कारकिर्दीतली त्यांची सर्वोत्तम कामगिरी. त्याच दौऱ्यात त्यांची शेवटची टेस्ट झाली. एकूण ४१ टेस्ट, १,४१४ रन आणि ८८ विकेट.

म्हणजे ज्या बॉलरवर हरायचं टाळणारा असा शिक्का बसला, तो भारताच्या परदेशातल्या पहिल्या मालिका विजयात विकेट काढणारा बॉलर होता.

पुढे काय झालं?

निवृत्तीनंतर बापू राष्ट्रीय निवड समितीवर होते, भारतीय टीमचे असिस्टंट मॅनेजर म्हणून दौऱ्यांवर गेले. "छोडो मत" हे त्यांचं पेटंट वाक्य होतं, अशी आठवण सुनील गावसकर सांगतात. १७ जानेवारी २०२० ला मुंबईत वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

नाशिकमध्ये आज गोल्फ क्लबच्या मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, महाराष्ट्राच्या रणजी मॅच होतात. महाराष्ट्राकडून विकेट काढणारा सत्यजित बच्छाव नाशिकचाच, आणि योगायोग म्हणजे तोही डावखुरा स्पिनर. सिन्नरच्या माया सोनवणेची बॉलिंग ॲक्शन २०२२ मध्ये देशभर व्हायरल झाली होती. त्या मैदानावर नेटमध्ये घाम गाळणाऱ्या पोरांना ३२-२७-५-० पाठ असेलच.

त्याच्या शेजारी आणखी दोन आकडे लिहून ठेवायला हरकत नाही. कानपूरचे नाबाद ५२ आणि नाबाद १२२.