टीएसएच नॉर्मल, तरी थकवा का?

कुंभवलीहून तारापूर एमआयडीसीत पहिल्या पाळीला निघायच्या घाईत थायरॉइडची गोळी चहाबरोबरच घेतली जाते. तिथेच घोटाळा होतो. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा अर्ध्या-एक तासाने, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी.

पण सगळं पाळूनही, थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी नॉर्मल येऊनही काहींचा थकवा, केसगळती, विसराळूपणा जात नाही. हे मनाचे खेळ नव्हेत! थायरॉइड कमी पडण्यामागे अनेकदा हाशिमोटो आजार असतो. १९१२ मध्ये जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी वर्णन केलेल्या या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीवरच उलटते. गोळी हार्मोनची उणीव भरते, हल्ला थांबवत नाही. शिवाय हिमोग्लोबिन, बी-१२ कमी असू शकतं, रात्रपाळीने झोप मोडलेली असते. डॉक्टरांना तेही तपासायला सांगावं. डोस मात्र स्वतःहून वाढवू नये. तो जास्त झाला तर छातीत धडधड होते, हाडं झिजतात.