गाडीची अंघोळ, एका बादलीत

चारचाकी गाडी ही आता काही चैनीची वस्तू राहिलेली नाही. पूर्वी गल्लीत एखाद्या डॉक्टरांच्या नाहीतर गिरणीतल्या मोठ्या साहेबांच्या दारात गाडी दिसायची. आज जुळे सोलापूर घ्या, होटगी रोड घ्या, अपार्टमेंटच्या खाली गाड्यांची रांग लागलेली असते. बँकेचे हप्ते भरून घेतलेली ती गाडी घरात एखादं लेकरू आल्यासारखी येते. सिद्धेश्वराच्या देवळापाशी तिची पूजा होते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. मग सुरू होते तिची अंघोळ! नळाला पाइप लावायचा आणि पाण्याचा फवारा सोडून द्यायचा. पाणी अंगणातून वाहत वाहत रस्त्यापर्यंत जातं.

मैत्रिणींनो, आपलं गाव कोणतं, हे या वेळी आपण विसरतो. उजनी धरण आपल्यापासून शंभर किलोमीटरवर. तिथून जलवाहिनीनं, भीमेच्या पात्रातून टाकळीला आणि हिप्परग्याच्या तलावातून असं गोळा करून पाणी शहरात येतं. तरीही गेली कित्येक वर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांआड येणारा नळ आपण अनुभवत आलो आहोत. पावसाळा दगा देतो तेव्हा तर बोलायलाच नको. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा संपून धरण उणे पातळीत गेलं होतं. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेही आपल्या डोळ्यांसमोरचंच आहे.

आता एक साधा हिशेब करू. पंधरा लिटरची बादली पाइपखाली धरून घड्याळ बघा. पाण्याला जोर असेल तर मिनिटभरात ती भरते. म्हणजे दहा मिनिटं गाडी धुतली की दीडशे लिटर पाणी गेलं. सरकारच्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या एका माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. आपल्या एका गाडीच्या अंघोळीत जवळजवळ तीन माणसांचं दिवसभराचं पाणी वाहून जातं. बंगळुरूमध्ये मार्च २०२४ च्या टंचाईत पिण्याच्या पाण्यानं गाडी धुण्यावर बंदी घातली गेली आणि दंड ठेवला पाच हजार रुपये. आपल्याकडे दंडाची वाट कशाला पाहायची?

पूर्व भागात बचत गटाच्या कामानिमित्त माझं जाणं-येणं असतं. तिथल्या कितीतरी बायका विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांवर. पाणी कधी येईल याचा नेम नसला की सूप बाजूला ठेवून घागरी-कळशा घेऊन बसायचं. एक बाई सहज बोलून गेली, “नळाच्या दिवशी आमचा खाडाच असतोय की, अक्का.” तिच्या लेखी पाणी म्हणजे बुडालेली मजुरी. आपल्या अंगणातून वाहणाऱ्या पाण्याकडे पाहताना हा खाडा डोळ्यांपुढे आणला तरी पाइप हातातून आपोआप खाली येईल.

‘मग काय, गाडी धुवायचीच नाही का?’ असं तुम्ही म्हणाल. धुवायची की! हप्ते आपणच भरतोय. पण गाडीला भरपूर पाण्यापेक्षा योग्य हात लागतो.

रंग केसाहून पातळ

गाडीच्या पत्र्यावर एकावर एक थर असतात. गंज न धरू देणारा खालचा थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. गाडीची चमक ती या शेवटच्या थराची. तो आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो. धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते या थरापेक्षा कितीतरी कठीण. कोरड्या फडक्यानं नाहीतर पिसांच्या झाडणीनं रोज सकाळी फटाफट धूळ झटकली की हेच कण रंगावर घासले जातात. उन्हात तिरक्या नजरेनं बघा, बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतील. ते या झटकण्याचेच. गाडीला पाणी कमी मिळालं म्हणून ती लवकर म्हातारी होत नाही, कोरडी घासली म्हणून होते.

दुसरा शत्रू आपलं ऊन. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला की उभ्या गाडीचा पत्रा तव्यासारखा तापतो. अशा पत्र्यावर पाणी टाकलं की ते लगेच सुकतं आणि मागे क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. बोअरचं पाणी जड असेल तर जास्तच. म्हणून गाडी धुवायची ती सकाळी, सावलीत आणि पत्रा गार झाल्यावर.

एका बादलीचं गणित

दोन छोट्या बादल्या घ्या, दोन्ही अर्ध्या-अर्ध्या भरा. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. कपड्यांची पावडर अजिबात नको. ती वॅक्सचा थर काढून टाकते आणि रंग उघडा पडतो. आधी झारीनं टपापासून खाली पाणी शिंपडून धूळ भिजू द्या. पाच मिनिटं थांबा. मग मऊ कापड शाम्पूत बुडवून टप, काचा, बॉनेट, दारं असं वरून खाली पुसत या. गोल गोल घासू नका, सरळ रेषेत हात फिरवा. दर वेळी कापड आधी साध्या पाण्यात पिळून माती काढायची, मगच पुन्हा शाम्पूत बुडवायचं. नंतर ओल्या स्वच्छ कापडानं शाम्पू टिपून घ्या. चाकं शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं. पंधरा-वीस लिटरमध्ये गाडी स्वच्छ होते. उरलेल्या पाण्यानं पोर्चमधली शहाबादी फरशी धुऊन निघते. शाम्पूचं पाणी तुळशीला मात्र घालू नका.

कोरडं करायला लांब कशाला जायचं? आपल्या सोलापूरचा टेरी टॉवेल आहे ना! चादरीसारखंच त्यालाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्याचे सुती फासे पाणी चटकन शोषून घेतात. चार-सहा वेळा धुऊन मऊ झालेला टॉवेल घ्या, त्याच्या कडेची जाड शिवण रंगावर घासू देऊ नका आणि न ओढता, टेकवून टेकवून पाणी टिपा. टॉवेल जमिनीवर पडला तर झटकून पुन्हा वापरायचा नाही, धुवायचाच.

पाणी कोणतं?

एसीच्या नळीतून थेंब थेंब गळणारं पाणी बादलीत धरा. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे गाडीवर ठिपके पडत नाहीत. पावसाळ्यात गच्चीचं पाणीही चांगलं. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र पत्र्यावर नको. त्यात क्षार वाढलेले असतात. ते टायरला आणि फरशीला वापरा.

डाग आणि उपाय

पक्ष्यांची विष्ठा उन्हात रंगाला चावते. खरवडू नका. ओलं कापड त्यावर पाच मिनिटं ठेवा, मऊ झालं की अलगद उचला. दसऱ्याचं हळद-कुंकू पांढऱ्या गाडीवर दुसऱ्या दिवसापर्यंत राहू देऊ नका, आणि हार बांधताना चिकटपट्टीऐवजी दोरा घ्या. चिकटपट्टीचा गोंद राहिलाच तर खोबरेल तेलाचं बोट फिरवून थोड्या वेळानं पुसा आणि तेवढा भाग शाम्पूनं धुवा. खडा उडून रंगाचा टवका गेला तर तिथून गंज सुरू होतो. गॅरेजला जाईपर्यंत जागा कोरडी करून रंगहीन नेलपॉलिशचा ठिपका लावला तरी चालतो. चाकांच्या वरच्या कमानीत अडकलेला चिखल काढायला विसरू नका. आपली काळी माती ओल धरून ठेवते आणि गंज तिथूनच वर येतो.

काही जण चमक यावी म्हणून रॉकेल किंवा डिझेलचा हात फिरवतात. क्षणभर गाडी चमकते, मग त्यावर धूळ चिकटते आणि रबराच्या पट्ट्या खराब होतात. त्यापेक्षा दोन-तीन महिन्यांनी वॅक्स लावा. पॉलिश आणि वॅक्स एक नव्हे, हे लक्षात ठेवा. पॉलिश रंगाचा अगदी बारीक थर घासून काढतं, वॅक्स वरून संरक्षण देतं. पाणी शिंपडल्यावर गोल मोत्यासारखे थेंब उभे राहिले तर वॅक्स शिल्लक आहे, पसरलं तर पुन्हा लावायची वेळ आली. सिरॅमिक कोटिंगला हजारो रुपये मोजावे लागतात. ते जास्त दिवस टिकतं हे खरं, पण मळक्या फडक्याचे ओरखडे तेही थांबवू शकत नाही. आणि धुळीनं माखलेल्या गाडीवर कव्हर घालू नका. वाऱ्यानं कव्हर हललं की ते घासणीचंच काम करतं.

पुसणाऱ्या हातांचंही बघू या

अनेक अपार्टमेंटमध्ये गाड्या पुसायला एखादा मुलगा किंवा बाई येते. एकाच काळ्या पाण्यात आठ-दहा गाड्या पुसल्या जातात, कारण त्यांना पाणी आणि फडकी आपणच मोजून देतो. सोसायटीच्या बैठकीत दोन गोष्टी ठरवू या. नळाचा पाइप गाडीला लावायचा नाही, ही पहिली. दुसरी, प्रत्येक घरानं आपल्या गाडीसाठी स्वच्छ पाण्याची बादली आणि दोन धुतलेली फडकी रोज खाली ठेवायची. पाणी कमी वापरायला सांगितलं म्हणून त्यांचे पैसे मात्र कमी करायचे नाहीत. एका बादलीत गाडी नीट पुसणं हे पाइप धरण्यापेक्षा जास्त मेहनतीचं आणि कौशल्याचं काम आहे.

शिवाय गाडी रोज धुवायची गरजही नसते. पंधरवड्यातून एकदा नीट अंघोळ आणि अधूनमधून काचा, आरसे, दिवे ओल्या कापडानं पुसले की पुरे. येत्या रविवारी घरातल्या मंडळींच्या हातात पाइपऐवजी बादली आणि टॉवेल द्या. गाडी चकाचक झाली की शेजारच्या वहिनींनाही बोलावून दाखवा. भाषणापेक्षा अशा गोष्टी आपल्याकडे बघूनच लवकर पसरतात.